खोक्याचे कान

संगणकावर एखादं खोकं काढलं आणि त्यावर क्लिक केलं, की त्याच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मधोमध बारीक ठिपके उमटतात. त्यातला एक पकडून ओढला की खोकं मोठं होतं, लहान होतं. तारेसाठी रेघ काढली तर तिच्या दोन्ही टोकांनाही तसेच ठिपके येतात. टोक धरायचं, हवं तिथं न्यायचं आणि चिकटवायचं. इंग्रजीत त्यांना हँडल म्हणतात. मला हे काम शिकवणारे आमचे जुने ड्राफ्ट्समन त्यांना कान म्हणायचे. "खोक्याचा कान धर आणि ओढ," असं सांगायचे आणि माझा हात चुकला की वर, "कान धरायला सांगितलाय, गळा नाही." ते निवृत्त झाले, पण त्यांचा शब्द माझ्या तोंडात बसला तो बसलाच.

गेल्या दिवाळीनंतर हे कान मला दिसेनासे झाले.

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात काम करते. आम्ही विजेची पॅनेलं बनवतो. पॅनेल म्हणजे एक लोखंडी कपाट, आत स्विच, रिले, कॉन्टॅक्टर आणि शेकडो तारा, आणि त्या कपाटावर कुठेतरी लांब एखादं यंत्र चालतं. कोणती तार कुठून कुठे जायची याचं ड्रॉइंग मी काढते. माझ्या कागदावर बघून वायरमन तारा जोडतात, आणि त्या तारांच्या भरवशावर तिसरीच माणसं यंत्रात हात घालतात. ती माणसं मला कधी दिसत नाहीत. पण माझी रेघ चुकली तर त्यांचा हात जाऊ शकतो, हे मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं आणि ते मी कधी विसरले नाही. म्हणूनच दिवाळीनंतरच्या त्या पाच महिन्यांत मला नीट झोप लागली नाही.

झालं असं, की एका सोमवारी आमचं सॉफ्टवेअर आपलं आपणच नवीन झालं. चहा घेऊन येईपर्यंत सगळा चेहरा बदललेला. बटणं गोलगोल, रंग सगळे धुऊन वाळत घातल्यासारखे. आधीचे कान कसे ठसठशीत होते, काळ्या काठाचे. रेघेचं टोक नीट चिकटलं की तिथला ठिपका हिरवागार व्हायचा. आता पांढऱ्या कागदावर फिकट राखाडी ठिपका, आणि चिकटलं की म्हणे किंचित हिरवट. मी डोळे बारीक केले, मान पुढे काढली, पदरानं चष्मा पुसला, पडदा पुसला. ठिपका आहे की नाही तेच कळेना.

कुणाही शहाण्या माणसाच्या मनात आलं असतं की ठिपके फिके झालेत. माझ्या मनात आलं, माझे डोळे गेले.

याला कारण माझे वडील. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. मी त्यांच्याच चौथीच्या वर्गात होते, पहिल्या रांगेत. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांची गणितं बरोबर यायला लागली. वही पुढे केली की वडील ती डोळ्यांजवळ नेत, जरा वेळ धरत आणि लाल पेननं बरोबरची खूण करत. मुलं खूश. मी एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून नेलं. त्यावरही बरोबरची खूण आली. मी वही मिटली आणि घरी कुणाला काही बोलले नाही. धडे त्यांना पाठ होते, त्यामुळे वाचन कुठे अडत नव्हतं. फक्त ते सारखे म्हणायचे, खिडक्या उघडा, वर्गात उजेड कमी आहे. भर उन्हाळ्यात म्हणायचे. शेवटी नगरला नेलं तेव्हा कळलं, काचबिंदू होता आणि बरीचशी नजर गेलेली होती. वर्षभर आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले. आणि मला म्हणाले, हे घरात चालत येतं, तू मोठी झालीस की दरवर्षी तपासून घेत जा.

मी मोठी झाले, सत्तेचाळीस वर्षांची झाले, आणि एकदाही गेले नाही. भीती वाटते म्हणून लोक डॉक्टरकडे जातात असं म्हणतात. मी तर भीती वाटते म्हणूनच जात नव्हते.

मग सुरू झाल्या माझ्या युक्त्या. कान दिसला नाही तरी बाण बरोबर त्याच्यावर गेला की बाणाचं रूप बदलतं, दोन्हीकडे टोकं येतात. तेवढं पकडायचं. म्हणजे आंधळ्यानं भिंत चाचपत दार शोधावं तसं मी माउस हळूहळू फिरवत राहायची आणि बाण बदलला की पटकन दाबायची. तुम्हाला वाटेल, चित्र मोठं करून बघायचं. तेही केलं. खोकं पडदाभर होतं, कान मात्र तेवढेच्या तेवढे राहतात. हे ज्यानं बनवलं त्याला समोर बसवून एक दिवस हे काम करायला लावावं असं फार वाटायचं. पण मी तक्रार कुणाकडे करणार? मला दिसत नाही, हे म्हणायचं तर आधी मला दिसत नाही हे कबूल करावं लागणार. शेजारच्या टेबलावर खरेदीचं काम बघणारी मुलगी होती, तिला नुसतं विचारलं असतं, 'अगं, तुला हा ठिपका दिसतो का,' तरी सगळं तिथंच मिटलं असतं. मी विचारलं नाही. तिला दिसतो असं ती म्हणाली असती तर?

घरी मी एक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तिथी वाचायची. मग दुसरा झाकून. रस्त्यात पुढच्या गाडीचा नंबर वाचायचा आणि जवळ गेल्यावर बरोबर आला का बघायचा. एखादा चुकला की दिवसभर दिसेल त्या गाडीचा नंबर वाचत सुटायची. स्वयंपाकघरात नवऱ्यानं दिवा बदलला तर मी त्याच्यावर खेकसले, की उजेड कमी झाला. बोलल्यावर माझंच मला ऐकू आलं.

आता मामांबद्दल सांगते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने वायरमन, पारनेरकडचे. नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही, मालकही मामाच म्हणतात. माझ्या ड्रॉइंगची प्रिंट हातात घेतली की मामा खिशातून पिवळा स्केचपेन काढायचे. एक तार जोडली की कागदावर तिची रेघ पिवळी करायची, मग पुढची तार. पॅनेल पुरं होईतो कागद हळद लागल्यासारखा पिवळा. या रंगवण्यात त्यांची नजर प्रत्येक रेघेवरून फिरायची, आणि माझी चूक असली की ती तिथं सापडायची. मग कागद घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "ताई, ही तार कुठं पावन्याला निघाली?" मला राग यायचा, पण चूक कारखान्याबाहेर जायची नाही.

पॅनेल झालं की शेवटची तपासणी आम्ही दोघं करायचो. मी ड्रॉइंगमधून मोठ्यानं वाचायची, "बारा ते कॉन्टॅक्टर." मामा बझरच्या दोन सुया तारेच्या दोन टोकांना लावायचे, तार नीट जोडलेली असली की बझर वाजायचा आणि मामा म्हणायचे, "हाय." पुढची तार. पुन्हा, "हाय." लागत नसलं तर, "न्हाई." आमच्याकडे दोनच उत्तरं होती. बाकी सगळा कारखाना त्या वेळी आवाज कमी करायचा.

त्या हिवाळ्यात माझ्या ड्रॉइंगच्या प्रिंटा पांढऱ्याच्या पांढऱ्या परत यायला लागल्या. एकाही रेघेला पिवळं नाही. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या ड्रॉइंगला आता काय बघायचं ताई? चूकच न्हाई घावत." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतके दिवस चाचपडत काम करत होते, आणि मामांना एक चूक सापडत नव्हती. म्हणजे माझं जमतंय, असं मी मनाला सांगितलं. घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. मूर्खपणाला माझ्या काही सीमा नव्हती.

मार्चमध्ये एका पॅनेलचं काम आलं. राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका गावात बायकांच्या गटानं पशुखाद्य बनवायचं यंत्र घेतलं होतं. मोठा पिंप, आत फिरणारी पाती. वरून भुसा, मक्याचा भरडा, पेंड टाकायची आणि खालून मिसळलेलं खाद्य काढायचं. यंत्र बंद करायचं एक बटण पॅनेलवर असतंच. पण पेंड टाकणारी बाई उभी असते पिंपाच्या तोंडाशी, पॅनेलपासून लांब. म्हणून तिच्या हाताशी खांबावर आणखी एक लाल बटण. काही अडकलं, पदर ओढला गेला, तर तिनं ते दाबायचं आणि पाती थांबली पाहिजेत. सगळ्या पॅनेलमध्ये सगळ्यात महत्त्वाच्या त्या दोन तारा.

त्या तेरा आणि चौदा नंबरच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या घरांवर येतात. कारखान्यात ते लांबचं बटण नसतं, म्हणून चाचणीपुरता आम्ही तेरा-चौदामध्ये तारेचा एक तुकडा टाकतो, नाहीतर विजेची वाट तुटलेली राहते आणि पॅनेल चालूच होत नाही. साइटवर तो तुकडा काढायचा आणि तिथं बटणाच्या तारा लावायच्या, म्हणजे बटण दाबलं की ती वाट तुटते आणि यंत्र थांबतं. माझं ड्रॉइंग तसं काढून झालंही होतं. मग गटाकडून निरोप आला, एक टर्मिनल जास्त ठेवा, पुढेमागे दिवा लावायचा आहे. मी टर्मिनलची पूर्ण पट्टी धरली, एक घर वर सरकवली, खाली नवीन घर जोडलं. चिकटलेल्या रेघा पट्टीबरोबर सरकतात. सरकल्या असतील असं मी धरून चालले, प्रिंट काढली आणि दिली.

बुधवारी तपासणी झाली. मी वाचत होते, मामा हाय म्हणत होते. एकदा तर मी आकडा पुरता म्हणायच्या आत त्यांचं हाय आलं. मला वाटलं, काय हात बसलाय. पॅनेलला कुंकू लावून नारळ फोडला, टेम्पोत चढवलं. गेट पासवर टेम्पोचा नंबर मी लिहिला, तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, तीन आहे, तुम्ही आठ लिहिलाय." दहा पावलांवरची पाटी. मी तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. आता काय ते एकदा कळू दे, असं झालं होतं.

गुरुवारी दवाखान्यात त्यांनी डोळ्यातला दाब मोजला आणि मग एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, हातात एक कळ. पांढऱ्या गोलात कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की कळ दाबायची. पुन्हा ठिपकेच! काही ठळक, काही इतके फिके की दिसला की भास झाला ते कळेना. एक ठिपका गेला आणि दुसरा येईपर्यंतच्या मधल्या काळोखात मला वाटायचं, आत्ता एक येऊन गेला आणि मला दिसला नाही. वडिलांना असंच होत असेल का, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामुळे आणखी दिसेना.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "काही नाही. दाब ठीक, नस ठीक. जवळचा नंबर वाढलाय, लांबचाही थोडा आहे. चष्मा बदला. वर्षातून एकदा येत जा."

"मग मला ते ठिपके का दिसत नाहीत?"

"कुठले ठिपके?"

मी त्यांच्याच कागदावर खोकं काढून दाखवलं. रंग कसा आहे ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पांढऱ्यावर फिकट राखाडी? बाई, मलाही दिसणार नाहीत. हा दोष तुमच्या डोळ्यांचा नाही."

मी दवाखान्याबाहेर माझ्या गाडीवर बसून हमसून हमसून रडले. शहाळेवाल्यानं विचारलं, काही झालंय का. म्हटलं, काही झालं नाही म्हणूनच रडतेय. त्यानं एक शहाळं फोडून हातात दिलं.

शुक्रवारी सकाळी नऊला मी संगणक सुरू केला, इतक्या महिन्यांनी हलक्या मनानं. समोर त्याच फिक्या रंगाचा पडदा. आणि मग डोक्यात एक साधा विचार आला. माझे डोळे ठीक आहेत आणि ठिपके खरंच दिसत नाहीत, तर मग गेले पाच महिने टोकं चिकटली आहेत की नाहीत हे कुणी बघितलं?

सगळ्यात वरची फाइल उघडली, पशुखाद्याची. टर्मिनलची पट्टी धरली आणि नुसती बाजूला ओढली. सगळ्या रेघा तिच्याबरोबर आल्या. दोन आल्या नाहीत.

मी पट्टी परत जागेवर ठेवली. लाल बटणाच्या त्या दोन रेघा चौदा आणि पंधराला टेकलेल्या होत्या. पट्टी सरकली होती, त्या जिथल्या तिथं राहिल्या होत्या. पंधरा म्हणजे नवीन, रिकामं घर. म्हणजे साइटवर कुणीही माझ्या कागदावर बघून बटण चौदा-पंधराला लावणार, आणि तेरा-चौदातला आमचा तुकडा तसाच राहणार. यंत्र झकास चालणार. फक्त ते लाल बटण दाबलं तर काहीच होणार नाही.

यंत्राचा मुहूर्त त्याच दिवशी होता.

मी उठले ती थेट मामांकडे गेले. ते पॅनेलपाशी स्टुलावर बसले होते. सगळं सांगून टाकलं. कान दिसत नव्हते, चाचपून जोडत होते, कुणाला बोलले नाही, सगळं. आणि मग, माणूस किती उफराटा असतो बघा, मी त्यांच्यावरच ओरडले. "वीस वर्षं बाहेरचं बटण तेरा-चौदाला असतं मामा! तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तुम्ही रंगवायचं का सोडलंत?"

मामा खाली बघत म्हणाले, "रेघच दिसत न्हाई तर रंगवू कशावर, ताई?"

मला आधी कळलंच नाही.

"सा महिने झाले. मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. आकडे म्हंजे नुसत्या मुंग्या. सवयीनं हात चालतो. तुमी वाचता, बझर वाजतो, मी हाय म्हनतो. म्हनलं, ताईंनी काढलंय, ताई बघत्यात, मग बराबरच असनार."

"आणि मी म्हणत होते, मामा बघताहेत."

"आपरेशन करा म्हनतोय डाक्टर. पर साठीच्या मानसाला दिसत न्हाई म्हनल्यावर परत कोन बोलावतंय कामाला?"

मी गटाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या नंबरवर रिंग नुसती वाजत राहिली. तारा जोडणारा त्यांचा वायरमन पारनेरच्या कुठल्या खोऱ्यात होता, त्याला रेंज नव्हती. मालक पुण्याला गेले होते, त्यांना गाडीवर बसता बसता फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आधी पोचा." खरेदीच्या मुलीला नंबर देऊन म्हटलं, लावत राहा, एकच निरोप सांग, यंत्र सुरू करू नका. आणि मामांना मागे बसवून स्कूटर काढली. एरवी मामा स्वतःच्या मोटारसायकलवर मला कधी नीट पुढे जाऊ देत नसत. त्या दिवशी ते माझ्या मागे बसले.

तो रस्ता मला आता आठवतो तो तुकड्यातुकड्यांनी. पुणे रोडवरचे ट्रक. चष्मा अजून जुनाच. सुप्याच्या पुढे थांबून फोन बघितला, मुलीचा मेसेज होता, लागत नाही. मी मनातल्या मनात सारखं तेच बघत होते, एक हात, बांगड्यांचा, पिंपाच्या तोंडाशी. त्या हाताला चेहरा नव्हता. मामा मागून म्हणाले, "हळू चालवा ताई, आपनच पोचलो न्हाई तर कसं?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

शेडच्या बाहेर तोरण होतं. आतून यंत्राचा घुर्र आवाज येत होता. मुहूर्त सकाळी आठलाच उरकला होता. पाहुणे येऊन गेले होते, पेढ्यांचा रिकामा खोका टेबलावर पडला होता आणि बायका कामाला लागल्या होत्या. लोखंडी पायऱ्यांवर माझ्याच वयाची एक बाई उभी होती आणि पिंपाच्या तोंडात पेंडीच्या ढेपा ढकलत होती. हातानं. हिरव्या बांगड्या होत्या.

मी धावत जाऊन खांबावरचं लाल बटण दाबलं. तळहातानं, सगळा जोर लावून.

यंत्र चालतच राहिलं.

ते माहीत असूनही मी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तोवर मामा पॅनेलकडे गेले होते. मेन स्विच कुठे असतो ते बघायला त्यांना डोळे लागत नाहीत. खट्ट आवाज झाला आणि पाती फिरत फिरत थांबली. शेडमध्ये एकदम शांत झालं. सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या.

पायऱ्यांवरची बाई खाली उतरली. आम्ही कोण, ते मी कसंबसं सांगितलं. हे बटण चालत नाही, ते सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, सकाळी मी बी दाबलं की दोनदा. गोनीची सुतळी आत गेल्ती, पातीला गुंडाळत हुती. न्हाई थांबलं. मला वाटलं, मलाच दाबाया जमंना. नवीन मशीन, आपल्याला काय कळतंय त्यातलं."

"मग सुतळीचं काय केलंत?"

"हातानं काढली की."

तिनं हात पुढे करून दाखवला. काही झालेलं नव्हतं, मनगटावर पेंडीचा भुगा होता एवढंच. मी तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडवेना. तिला कळेना ही बाई रडतेय का. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, मलाच जमंना. पाच महिने मी हेच म्हणत होते.

"तुम्ही बरोबर दाबलं होतं," मी म्हणाले. "तुमची काही चूक नव्हती. चूक माझी आहे. ड्रॉइंग मी काढलं."

हे सगळ्यांसमोर म्हणताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

मग मामांनी पॅनेल उघडलं. तेरा-चौदातला तुकडा काढायचा, पंधरावरची तार तेरावर आणायची, पाच मिनिटांचं काम. पण आम्ही पहिल्यापासून सगळी तपासणी करायची ठरवलं. मी ड्रॉइंगवर पेननं दुरुस्ती केली आणि वाचायला सुरुवात केली. "बारा ते बंदचं बटण." मामांनी सुया लावल्या. "हाय." बायका गोल करून उभ्या होत्या. "तेरा ते लांबचं बटण."

मामा वाकले, तारेवरच्या आकडा छापलेल्या बारीक नळीला नाक टेकेल इतके जवळ गेले, आणि तसेच थांबले. मी वाट बघत होते. मग त्या सगळ्या बायकांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "दिसत न्हाई, ताई."

मी मोबाईलची बॅटरी लावून त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघांनी मिळून, डोक्याला डोकं लावून, तो आकडा वाचला. तेरा होता. पुढच्या प्रत्येक तारेला तसंच केलं आणि त्याला तासभर लागला. कुणी घाई केली नाही. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मेन स्विच चालू केला, यंत्र सुरू झालं. मी लाल बटणाकडे हात नेला, पण ती बाई पुढे आली. म्हणाली, मी दाबते. तिनं एका बोटानं दाबलं, अगदी हलकं. पाती थांबली.

तिनं यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं आणि पुन्हा दाबलं. थांबलं. मामा बझर पिशवीत भरायला लागले, तर ती म्हणाली, "थांबा वो भाऊ, आनखी एकदा."